दौलताबादचं तिकीट

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
१४ जुलै २०२५

संध्ये,

जय भीम.

फोन केला असता, पण तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी 'हं' आणि 'बरं' ह्याच्यापुढं गाडी जात नाही. तुझा शब्द अडतो हे मला हॉस्टेलपासून ठाऊक आहे, त्यामुळं तक्रार नाही. कागदावर मात्र तू माझ्यापेक्षा लई चांगलं भांडतेस. आज मला भांडायला माणूस पाहिजे, म्हणून लिहायला बसले.

आमच्या कॉलेजात नवं खूळ आलंय. फर्स्ट इयरला मी बारा वर्षं 'संवाद कौशल्य' शिकवते, तुला माहितीये. भाषण कसं करावं, मुलाखतीत काय बोलावं, चार माणसांत पाय न कापता आपलं नाव कसं सांगावं. यंदा संस्थेचे अध्यक्ष आप्पासाहेब कुठल्याशा कंपनीचं मॉड्यूल घेऊन आले. मोबाईलवर व्हिडिओ बघायचा, प्रश्न सोडवायचे, भाषण रेकॉर्ड करून पाठवायचं. ज्याला जेव्हा जमेल तेव्हा. 'आपल्या गतीनं शिका' असं त्याचं नाव. प्राचार्यांनी पोरांचे दोन भाग पाडले. अ तुकडी माझ्याकडं, फळ्यासमोर. ब तुकडी मोबाईलकडं. सेमिस्टर संपलं की दोन्ही तुकड्यांची भाषणं तपासायची, जिची चांगली तिची पद्धत पुढं कायम. म्हणजे ब तुकडी जिंकली तर माझा तास बंद. तासिका तत्त्वावरच्या बाईला काढायला फार काही करावं लागत नाही. टाइमटेबलमधून नाव गळलं की झालं.

मी प्राचार्यांना तोंडावर सांगितलं, सर, पोहायला शिकवायचं तर पाणी लागतं आणि बोलायला शिकवायचं तर माणसं लागतात. ते म्हणाले, मॅडम, शास्त्रीय तुलना करून बघू. म्हटलं, करा. मी काही भिऊन पदराखाली लपणारी बाई नाही.

आजचंच सांगते. निशा म्हणून एक पोरगी आहे, आमच्या मुकुंदवाडीतच भाड्यानं राहतात. रोज हजर, पण शेवटचा बाक सोडत नाही. तिला उभं केलं, म्हटलं, 'तुझ्या गावाबद्दल दोन वाक्यं सांग.' पोरगी 'माझं गाव' एवढं म्हणाली आणि थिजली. सगळा वर्ग माना वळवून बघायला लागला. मी लगेच सावरून घेतलं. म्हटलं, 'माझं गाव लहान आहे, पण माणसं मोठ्या मनाची आहेत, असंच ना गं निशा?' तिनं मान हलवली आणि बसली. आता मला सांग, मोबाईल कुणाला असं सावरून घेणार आहे का?

तू म्हणशील 'सुले, तू बरोबर आहेस'. तेवढं लिहून पाठव, माझा आठवडा चांगला जाईल.

तुझी,
सुलेखा


नाशिक
२२ जुलै २०२५

सुले,

तुला जय भीम, आणि तुझ्या रागाला लांबूनच रामराम.

'सुले, तू बरोबर आहेस' असं लिहिणार नाही. भांडायला माणूस पाहिजे म्हणालीस ना, मग घे.

तुझ्या वर्गात सत्तर पोरं. त्यातून हजेरीचा वेळ वजा कर, तुझ्या बोलण्याचा वेळ वजा कर. तुझं बोलणं किती असतं ते मी तीन वर्षं एका खोलीत राहून ऐकलंय. उरलेल्या वेळात एकेका पोराच्या वाट्याला काय येतं? पोहायला पाणी लागतं हे खरं. पण तुझ्या तळ्यात तू एकटीच पोहतेस आणि पोरं काठावर बसून टाळ्या वाजवतात.

मोबाईलसमोर पोरगं एकटं असतं. चुकलं तर पुसतं, परत बोलतं. कुणी मागे वळून बघत नाही. जो घाबरतो त्याला गर्दीत ढकलून धीट करता येतं असं तुला वाटतं, कारण तू कधी घाबरलीच नाहीस. ह्यात तुझा दोष नाही. काही माणसं जन्मतःच माईक धरून येतात.

आणि निशाचं. तिला गावाबद्दल काय सांगायचं होतं, ते तू तिला विचारलंस का? पत्रात तसं कुठे दिसलं नाही. तू बोललीस तेवढंच दिसलं.

माझं नेहमीचंच चाललंय. घरी बसून कंपन्यांसाठी लिहिते. एक मोठं काम नुकतंच हातावेगळं झालं. पाऊस बरा आहे. भाऊ दौलताबादहून म्हणतो, सीताफळं यंदा चांगली धरलीत.

रागावलीस तरी उत्तर लिही.

संध्या


मुकुंदवाडी
२० ऑगस्ट २०२५

संध्ये,

नाशकात बसून उंटावरून शेळ्या हाकणं सोपं आहे. इथं येऊन एक तास घेऊन बघ म्हणजे कळेल. असं खरमरीत उत्तर त्याच दिवशी लिहिलं होतं, पण टाकलं नाही. बरं झालं. आता त्याहून मोठं भांडण हातात आहे.

आधी गोकुळचं सांगते. ब तुकडीतला पोरगा, बिडकीनचा. कंपनीत शिफ्टला जातो. एक आठवडा सकाळपाळी, एक आठवडा रात्रपाळी, माझ्या तासाला तो येऊच शकत नाही. त्याला मॉड्यूल नसतं तर त्यानं कॉलेजच सोडलं असतं. हे मी कबूल करते, जपून ठेव, पुन्हा करणार नाही.

तर हा गोकुळ परवा स्टाफरूममधे आला. म्हणाला, 'मॅडम, माझं भाषण ऐकता का? त्यो मोबाईल समदं ऐकतो, पण मान नाय हलवत.'

मला काय, आयताच शत्रूच्या गोटातला माणूस सापडला. म्हटलं, बोल. आणि पोरगं जे सुटलं ते सुटलंच. श्वास नाही, विराम नाही. कबड्डीची कॉमेंट्री वाटावी. शिवाय बघत होता माझ्या डोक्याच्या वर वीतभर. मी विचारलं, असं का रे? तर म्हणाला, 'व्हिडिओ दीडपट स्पीडनं बघतो ना मॅडम. कंपनीच्या बसमधे तेवढाच टाइम भेटतो.' सगळी ब तुकडी दीडपटीनं बघते म्हणे, आणि मग दीडपटीनंच बोलते. शिकवणारी बाई असंच बोलते असं त्यांना वाटलं. मी पोट धरून हसले, तोही हसला. मग म्हटलं, दाखव तर खरं काय शिकवतात ते.

त्यानं तिसरा धडा लावला. मी मुद्दाम साध्या गतीनं लावायला सांगितला. त्यात असं आहे: 'तुम्ही बसमध्ये आहात. कंडक्टर समोर उभा आहे. तुम्हाला तुमच्या गावाचं नाव सांगायचं आहे. घाई नाही. शब्द अडला तर थांबा. बस तुमच्यासाठी थांबली आहे.'

माझं हसू तिथंच विरलं.

संध्ये, अख्ख्या महाराष्ट्रात असा धडा दुसरं कोण लिहील? गावाचं नाव सांगायला कुणाला धडा लागतो, हे कुणाच्या डोक्यात येईल? ते मोठं काम हातावेगळं झालं म्हणालीस, ते हेच. चोराच्या मनात चांदणं, म्हणून तू मॉड्यूलची एवढी वकिली करत होतीस.

दर शनिवारी सेंट्रल स्टँडवर तुला सोडायला कोण यायचं? तुझ्या तोंडून 'द' निघायचा नाही तेव्हा 'एक दौलताबाद द्या' असं कंडक्टरला कोण सांगायचं? तोंडी परीक्षेत सर तुझ्यावर डाफरले तेव्हा तुझं उत्तर कुणी पुरं केलं? तीन वर्षं मी तुझं तोंड झाले, आणि आज तू माझंच तोंड बंद करायला निघालीस? निदान सांगायचं तरी होतंस. मी पहिल्या पत्रात बोंब मारत होते आणि तू तिकडं गालातल्या गालात हसत होतीस का?

मला लई वाईट वाटलंय. उगाच गोड शब्दात लिहिणार नाही.

सुलेखा


नाशिक
२८ ऑगस्ट २०२५

सुले,

होय. मी लिहिलं. पहिल्या धड्यापासून शेवटच्यापर्यंत सगळं माझं आहे.

करारात होतं, की कुणाला सांगायचं नाही. पण ते निमित्त झालं. तुझ्या कॉलेजात ते येईल हे मला माहीत नव्हतं, तुझ्या पत्रातूनच कळलं. तेव्हाच सांगायला हवं होतं म्हणतेस. नाही सांगितलं, कारण सांगितलं असतं तर तू मला ते पुरतं बोलू दिलं नसतंस. गालातल्या गालात हसत मात्र नव्हते. तुझं ते निशाचं वाचून रात्री जेवले नाही.

आता ऐक. मधे बोलता येणार नाही तुला, कागद आहे.

तू स्टँडवर यायचीस ते शनिवार तुला आठवतात. तू नसायचीस ते मला आठवतात. तेव्हा मी कंडक्टरला म्हणायचे, 'एक वेरूळ.' 'व' निघायचा. 'द' जिभेवर दगडासारखा बसायचा. वेरूळचं तिकीट काढायचं आणि अलीकडे दौलताबादला उतरायचं. कंडक्टर ओरडायचा, 'ओ ताई, तिकीट तर वेरूळचं हाय.' मी हसून उतरायचे. माझ्या स्वतःच्या गावी जायला मी दुसऱ्याच गावाचं तिकीट काढत होते.

आणि तू आलीस की सगळं चटकन व्हायचं. म्हणूनच, सुले, पुष्कळदा मला तू यायला नको असायचीस. तू 'दौलताबाद' म्हणून मोकळी व्हायचीस आणि माझा तो अर्धा 'द' तोंडातच राहायचा. मी आता म्हणणार, आता निघतोय, असं वाटत असायचं आणि तेवढ्यात तू. तोंडी परीक्षेतही तेच. मला उत्तर येत होतं. मला फक्त थोडा वेळ हवा होता. सरांनी तो दिला नाही, तूही दिला नाहीस. त्यांनी रागानं, तू मायेनं. माझ्या पदरात सारखंच पडलं.

म्हणून मी ते मॉड्यूल लिहिलं. यंत्राला माया नसते, ते थांबतं. शेवटच्या बाकावरच्या पोरीसाठी लिहिलं. तुझ्या निशासाठी, तिचं नाव मला तेव्हा माहीत नव्हतं एवढंच.

आता एक गोष्ट तुझ्या बाजूची. गोकुळ म्हणाला, मोबाईल मान हलवत नाही. हे मलाही कळत होतं. प्रत्येक धड्याच्या शेवटी मी एक पान लिहिलं होतं: आता हेच तुमच्या शिक्षकांसमोर बोला. आणि शिक्षकांसाठी एकच सूचना, मधे बोलू नका. कंपनीनं ते काढून टाकलं. म्हणाले, शिक्षक ठेवायचाच असेल तर कॉलेज आपल्याला पैसे कशाला देईल? मी मेलवर भांडले आणि हरले. तेव्हा ते पोरगं मान हलवणारं माणूस शोधत तुझ्यापर्यंत आलं, ते माझ्या धड्याला हवं तेच करत होतं. पान नसताना.

मी माफी मागत नाही. लिहिलं ते चांगलं लिहिलंय.

संध्या


मुकुंदवाडी
३० सप्टेंबर २०२५

संध्ये,

जय भीम.

महिनाभर लिहिलं नाही. तुझं पत्र वाचून पहिले चार दिवस स्वयंपाकघरात भांडी आपटली. मुलानं विचारलं, काय झालं, तर त्याच्यावर खेकसले. मायेनं केलेल्याचं कुणी असं माप काढतं का? तू माफी मागत नाहीस ना, मग मी पण मागत नाही. फिट्टंफाट.

पण तुझं एक वाक्य डोक्यातून जाईना. निशाला गावाबद्दल काय सांगायचं होतं?

मागच्या आठवड्यात तिला परत उभं केलं. तोच प्रश्न. पोरगी 'माझं गाव' म्हणाली आणि अडली. मी खुर्चीवर बसले आणि ओठ गच्च मिटले. एवढा वेळ मी जन्मात गप्प बसले नसेन. पुढच्या बाकावरचा एक शहाणा तिला सुचवायला लागला. त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं मान खाली घातली. बाहेर जालना रोडचे हॉर्न ऐकू यायला लागले, एवढी शांतता. माझ्या जिभेवर तीन-चार छान वाक्यं आली, मी ती गिळली.

मग निशा बोलली. 'माझं गाव आता आमचं राहिलं नाही. शेत औद्योगिक वसाहतीत गेलं. तिथं आता गेट आहे, आणि गेटवर माझे काका वॉचमन आहेत. आम्ही गेलो तर त्यांना आमचं नाव लिहून घ्यावं लागतं. मला गावाबद्दल छान छान सांगता येत नाही.' आणि बसली.

मोठ्या मनाची माणसं म्हणे. मी त्या पोरीच्या तोंडात काय कोंबलं होतं, संध्ये. घरी येईपर्यंत रिक्षात डोळे पुसत होते. रिक्षावाला म्हणाला, 'क्या हुआ बाजी?' म्हटलं, कुछ नहीं, धूल गई.

तेव्हापासून वर्गाकडं नीट बघते. माझी पोरं बोलतात बरी, पण सगळी कमरेवर हात ठेवतात, वाक्याच्या शेवटी 'बरं का' म्हणतात. सत्तर सुलेखा बसवल्यात मी तिथं. तुझी दीडपट आणि माझी नक्कल, ह्यात कोण कमी वाईट ते तूच ठरव. गोकुळ आता शनिवारी येतो, मी ऐकते, मान हलवते. त्याचं बोलणं आता जमिनीवर आलंय.

आता कामाचं. १५ नोव्हेंबरला कॉलेजच्या सभागृहात कार्यक्रम आहे. आप्पासाहेब, कंपनीची माणसं, दोन्ही तुकड्या. निकाल जाहीर करणार आहेत, पण तो आधीच ठरलाय. ब तुकडी सरस. कशी, ते ऐक. ब तुकडीतल्या अर्ध्याहून जास्त पोरांनी दुसऱ्या धड्यावरच मोबाईल बंद केला. त्यांना मोजलंच नाही. ज्यांनी शेवटचं भाषण पाठवलं त्यांचीच सरासरी काढली. माझ्याकडची मात्र सगळी मोजली, निशासकट. पळून गेलेले सोडून उरलेल्यांची शर्यत लावली तर कुणीही पहिला येईल. प्राचार्यांना विचारलं, तर म्हणाले, 'मॅडम, तो त्यांचा फॉर्म्युला आहे.'

मी उठून बोलणारच आहे. पण मी बोलले तर लोक म्हणतील, तास जातोय म्हणून बाई रडतीय. बोलायला पाहिजे ते लिहिणारीनं. काढून टाकलेल्या पानाबद्दल आणि ह्या हिशेबाबद्दल. तू लिहून पाठव, तुझ्या नावानं मी वाचून दाखवते. खड्या आवाजात वाचते, काळजी करू नको.

सुलेखा


नाशिक
९ ऑक्टोबर २०२५

सुले,

लिहून पाठवणार नाही.

आणि तू 'वाचून दाखवते' म्हणालीस तिथे मी मोठ्यांदा हसले. अगं, तू सुधारलीस असं वाटलं होतं.

शाळेत माझं भाषण दुसऱ्या मुलीनं वाचलं. लग्नात माझा उखाणा जावेनं घेतला. मॉड्यूलमधला आवाजही माझा नाही, कुण्या गोड बाईचा आहे. आता हे मात्र कुणी वाचायचं नाही. मी येते. मीच बोलेन. करार मोडेल, मोडू दे. तू उभी राहणार आहेस तुझा तास घालवून, मग मी काय तिकडे नाशकात भाजी निवडत बसू?

माझी एकच अट. कितीही वेळ लागला तरी तू तोंड उघडायचं नाही. लोक हसले तरी नाही. आप्पासाहेब उठून गेले तरी नाही. माझा जीव कासावीस झालेला दिसला तरीही नाही. जमणार नसेल तर आताच कळव.

संध्या


मुकुंदवाडी
२४ नोव्हेंबर २०२५

संध्ये,

जय भीम.

त्या दिवशी तू बोलून झालीस आणि पर्स उचलून सरळ नाशिकच्या गाडीला निघून गेलीस. मला दारात गाठूही दिलं नाहीस. तुझे डोळे सगळा वेळ मिटलेले होते, म्हणून तुझ्या समोर काय घडलं ते तुला माहीत नाही. ते सांगते.

तू 'मी संध्या' म्हणालीस, तिथवर सगळे नीट बसले होते. मग 'द' अडला. तू परत सुरू केलंस, परत अडला. डाव्या बाजूला कुणीतरी फिसकन हसलं. आप्पासाहेबांनी घड्याळ बघितलं. माझ्या जिभेवर 'दौलताबाद' असा उड्या मारत होता, संध्ये, की मी रुमाल दाताखाली धरला. तो रुमाल फाटलाय, तुला दाखवायला ठेवलाय. मग तो कंपनीचा कोटवाला पुढं आला, माईककडं हात केला आणि म्हणाला, 'मॅडमना असं म्हणायचंय की...'

तेवढ्यात मागून आवाज आला. 'सर, त्या बोलतायत.'

निशा. शेवटच्या रांगेत उभी होती. सगळ्यांनी माना वळवून तिच्याकडं बघितलं. पण बसली नाही. कोटवाल्यानं हात मागं घेतला.

आणि मग तू म्हणालीस, 'दौलताबादची.' स्वच्छ, अख्खं. माझं मलाच कळलं नाही, मी टाळी वाजवली, एकटीनंच. ती अटीत बसत नाही का? तोंड तर उघडलं नव्हतं.

पुढचं तू बोललीस ते तुझ्या लक्षात असेल. हे मॉड्यूल मी लिहिलंय. ते शिक्षकाबरोबर वापरायचं आहे. ते पान ह्यांनी काढलं. आणि दुसऱ्या धड्यावर जी पोरं थांबली ती कुठं आहेत, त्यांना कुणी का विचारलं नाही? एवढी चार वाक्यं. माझ्या बारा वर्षांच्या तासांत मला अशी चार वाक्यं जुळली नाहीत. ब तुकडीतली जी पोरं मोजलीच नव्हती त्यातली दोघं-तिघं दाराशी उभी होती. गोकुळनं त्यांचे हात धरून वर केले. हे तू बघायला पाहिजे होतंस.

मग काय, आप्पासाहेब म्हणाले, भावना पोचल्या, आणि आभार मानून चहा. निकाल तोच लागला, ब तुकडी सरस. पुढच्या सेमिस्टरच्या टाइमटेबलमधे माझं नाव नाही. प्राचार्य नजर चुकवून बोलले, 'मॅडम, तुमच्याबद्दल आदर आहे.' म्हटलं, 'आदर घरी घेऊन जाते सर, तास इथंच ठेवा. पण पोरं नेणार.'

आणि नेली. आमच्या विहाराचा हॉल शनिवारी सकाळी मोकळा असतो. शनिवारी पहिला तास झाला. मोबाईलवर काय बघायचं ते ज्याचं त्यानं, ज्याच्या त्याच्या सवडीनं बघावं. बोलायला इथं यायचं. गोकुळ रात्रपाळी करून थेट आला, दुसऱ्या धड्यावर थांबलेल्या दोघांना घेऊन. निशा आली, तिची आई पण आली, चटईवर बसली. नियम एकच, दुसऱ्याचं वाक्य पुरं करायचं नाही. तो नियम मोडणारी पहिली मीच निघाले. पोरांनी मला बाहेर ओट्यावर उभं केलं, पाच मिनिटं. उन्हात उभं राहून हसत होते मी.

हरलो असं कुणी म्हणेल. म्हणू दे, मला तसं वाटत नाही.

पोरांना देते तसा तुलाही शेरा देते. आवाज लहान. नजर मिटलेली. मुद्दा सोडला नाही. एकही शब्द उसना घेतला नाही. पास.

सुलेखा


दौलताबाद
१ डिसेंबर २०२५

सुले,

शेरा मिळाला. आवाज लहान आहे ते मान्य, बाकीचे गुण तू नेहमीप्रमाणे हात सैल सोडून दिलेस. टाळीबद्दल अजून ठरवायचंय. रुमाल जपून ठेव, मला बघायचाय.

कंपनीचा दोन ओळींचा मेल आला. करार संपला. ते काढलेलं पान मी आता माझ्या नावानं, मोफत, ज्याला हवं त्याला पाठवतेय. पहिलं तुझ्या विहाराच्या पत्त्यावर. वर मोठ्या अक्षरात लिहिलंय, 'मधे बोलू नका', ते तुझ्यासाठी भिंतीवर लाव. सहा डिसेंबरला तुझा तास नसणार, मला माहिती आहे. तेरा तारखेला येते. मागच्या रांगेत जागा ठेव, निशाच्या शेजारी.

भावाकडे परवा आले. सेंट्रल स्टँडवर उतरले, धुऊन-पुसून घेतल्यासारखं सगळं नवं वाटत होतं, पण वेरूळची गाडी तिथेच लागली होती. मी चढले. पुढे बसले. कंडक्टर आला, तरुण पोरगा, तिकिटाचं मशीन हातात. 'कुठं?'

मी तोंड उघडलं आणि 'द' तिथेच बसला होता, जुन्या जागी. सभागृहात निघाला म्हणून तो कायमचा गेला असं थोडंच आहे. कंडक्टर म्हणाला, 'वेरूळ का?' नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. वीस वर्षं चाललंच होतं. मी मान हलवली नाही. मागे लोक खोळंबले. कुणीतरी म्हणालं, 'उरका की.' शेजारी सीताफळाची रिकामी टोपली घेऊन एक मावशी बसल्या होत्या, भल्या बाई, तुझ्यासारख्याच. त्यांना माझी दया आली. कंडक्टरकडे वळून म्हणाल्या, 'अरे, त्यांना दौलताबाद...'

मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

'थांबा मावशी,' म्हटलं. 'मी सांगते.'

संध्या